भूत, भावकी आणि एक दोनशे पानी वही



१९८३ साली व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच अंबाजोगाईत भरलं होतं. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होते. मंडपात पार मागे बसून ऐकलं होतं. त्याच गावात आज बोलायला उभी आहे, याचं मोल मी जाणते.

संयोजकांनी मला मराठी मालिकांच्या अभ्यासाचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. आढाव्याच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत, त्या जरूर घेऊन जा. इथे मात्र मी एकाच मालिकेबद्दल बोलणार आहे, कारण हे बोलणं गेली कित्येक वर्षं माझ्या मनात अडून बसलंय. ती मालिका म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’.

काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. ते मी ओळखते. २०१७ साली माझी एक विद्यार्थिनी पीएच.डी.चा आराखडा घेऊन समितीसमोर उभी राहिली, तेव्हाही ते असंच उमटलं होतं. मुलगी केज तालुक्यातली, ऊसतोड कामगाराच्या घरातली. विषय होता या मालिकेतलं भूत आणि ते पाहणाऱ्या बाया. समितीतल्या एका ज्येष्ठांनी कागद न उलटताच विचारलं, “यात वाङ्मय कुठंय?” दुसरे म्हणाले, “ग्रामीण कथेतली स्त्री घ्या, संदर्भ भरपूर मिळतील.” मी तिची मार्गदर्शक होते. मी गप्प बसले. बाहेर आल्यावर मीच तिला म्हणाले, “बदल बाई विषय, पुढे बघू.” तिने विषय बदलला नाही. संशोधनच सोडलं. आज ती एका आश्रमशाळेत शिकवते. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ते आज बोलते आहे.

आपण हसतो तोवर जग कुठे गेलंय ते पाहा. अमेरिकेत १९९७ ते २००३ या काळात ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ नावाची मालिका चालली. शाळकरी मुलगी, रात्री पिशाच्चांशी लढणारी. एकूण १४४ भाग. २००१ साली फक्त त्या मालिकेच्या अभ्यासासाठी ‘स्लेएज’ नावाची संशोधनपत्रिका निघाली. २००२ साली इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात परिषद भरली, २००३ साली ‘बफी’ आणि तत्त्वज्ञान यावर लेखसंग्रह आला. त्या मालिकेचा एक भाग मी मुद्दाम पाहिला. त्यात नायिकेची आई मरते, भुताखेताने नव्हे, साध्या आजाराने. त्या भागाला पार्श्वसंगीत अजिबात नाही. एवढ्या राक्षसांना मारणाऱ्या मुलीला आईच्या मृत्यूपुढे काही करता येत नाही, यावर तिथल्या अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली, आणि त्यांना कुणी हसलं नाही.

आपल्याकडे सामग्री कमी आहे का? नारायण धारपांनी शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ‘गहिरे पाणी’मधून घराघरांत पोचल्या. पण त्यांच्यासाठी आपल्या अभ्यासक्रमात पायरीच्या खाली जागा असते, आणि दूरचित्रवाणीला तर अंगणाच्याही बाहेर.

आता त्या विद्यार्थिनीच्या वहीकडे येते. मालिका पाहताना ती यात नोंदी करायची. ही पाहा. दोनशे पानी, शाळकरी, पाठीवर पाढे छापलेले. मुलीने प्रत्येक पानावर पट्टीने चार रकाने आखलेत. तारीख, पडद्यावर काय झालं, बाया काय बोलल्या, आणि चौथा रकाना ‘टँकर’. मालिका २२ फेब्रुवारी २०१६ ला सुरू झाली. तो दुष्काळ आपण विसरलेलो नाही. त्याच एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. केज तालुक्यातल्या तिच्या वस्तीवर टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. साखर कारखान्यांचे पट्टे पडले तशा ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या होत्या. रिकाम्या घागरी रांगेत लावायच्या आणि ज्या घरात टीव्ही, त्या घराच्या ओट्यावर बसायचं. रात्री साडेदहाला मालिका लागायची. मुलगी वही घेऊन दाराशी बसायची.

तिसरा रकाना कायम भरून वाहिलेला, मजकूर समासात उतरलेला. चौथ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी फुली. जिथे ‘आला’ लिहिलंय, तिथे शेजारचं वाक्य अर्ध्यावरच तुटलेलं. बाया उठून घागरींकडे धावल्या, मुलगीही धावली. प्रेक्षकाचं इतकं खरं चित्र मी कुठल्या समीक्षाग्रंथात पाहिलेलं नाही.

मालिकेची गोष्ट आपल्याला माहीत आहे. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू, गोळा झालेली मुलं-सुना आणि अडलेली वाटणी. अण्णांचे जिच्याशी लग्नाबाहेरचे संबंध होते, त्या शेवंतापासून झालेली त्यांची मुलगी सुषमा दारात येते. आपले समीक्षक म्हणाले, भुताची मालिका. ओट्यावरच्या बायांचं म्हणणं पहिल्याच आठवड्यात लिहिलेलं आहे: “मेला तरी वाटणी होऊ देईना बघा म्हातारा.” त्यांनी ही भावकीची मालिका म्हणून पाहिली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. सुषमा दारात उभी राहिली त्या रात्री ओट्यावरच्या एकेकीने आपण हक्कसोड पत्रावर कधी आणि कुणाच्या भिडेने अंगठा दिला ते सांगितलं. अडीच पानं भरलीत. त्या रात्री वाड्यात काय घडलं, ते लिहायला दुसऱ्या रकान्यात एकच ओळ उरली.

मित्रहो, आपल्या भाषेतल्या भुतांची नावं एकदा नीट वाचा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती हडळ. ज्याच्या मागे क्रियाकर्म करायला कुणी उरलं नाही किंवा ज्याचा जीव धनात अडकला, तो समंध. प्रत्येक नावात अर्धवट राहिलेल्या आयुष्याची नोंद आहे. गावाने आपली थकबाकी या शब्दांत लिहून ठेवली. ‘बफी’त शाळेखाली नरकाचं तोंड आहे, आपल्या वाड्याखाली न झालेली वाटणी आहे. हा अभ्यास आपल्याखेरीज कोण करणार?

दोन वाद या परिषदेत दर वेळी होतात. पहिला भाषेचा. मालिकेतली मालवणी बोली मराठवाड्याला परकी, म्हणून ही मालिका इथे रुजली नाही, असं एका मित्राने इथेच मांडलं होतं. वहीत पहिले पंधरा दिवस “काय म्हन्ली ती?” असा प्रश्न दिसतो. नंतर दिसत नाही. मे महिन्यात तर ओट्यावरची एक आजी मालिकेतल्या पांडूचं बोलणं त्याच्या हेलात म्हणून दाखवायची, असं लिहिलंय. माझ्यापुरता हा वाद संपला.

दुसरा वाद अंधश्रद्धेचा. मालिका सुरू झाली तशी विरोधाची हाक उठली, ती मी हलकी मानत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो व्हायलाच हवा होता. मी नऊ वर्षांची असताना माझ्या मावशीला ‘बाहेरचं आहे’ म्हणून देवऋषापुढे बसवलेलं पाहिलंय. दोन मुलं पोटात गेली होती तिची. केस धरून मान हलवत होते आणि बायका म्हणत होत्या, बोलतंय, बोलतंय. ते आठवलं की आजही माझा हात थरथरतो. म्हणून भुताच्या मालिकेकडे मी कौतुकाने पाहू शकत नाही. पण वहीत जूनमधली एक नोंद आहे. पडद्यावर तसाच प्रसंग चालू असताना एक बाई म्हणाली, “मलाबी असंच धरून बसवलं हुतं. भूत न्हवतं, नवऱ्याला दुसरी करायची हुती.” पंधरा वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, असं मुलीने कंसात लिहिलंय. मालिका श्रद्धा पसरवते की प्रश्न उठवते, याचं उत्तर सभागृहात बसून देणाऱ्यांनी आधी त्या ओट्यावर जावं.

२०१९ च्या जानेवारीत मालिकेचं दुसरं पर्व आलं. शेवंता घराघरांत पोचली. विषय नाकारला जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी मुलगी लिहीतच होती. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांमुळे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी केली, त्यात १३ हजारांवर स्त्रियांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. वहीत ऑगस्टमधल्या एका पानावर शेवंताच्या प्रसंगाची ओळ आहे आणि तिच्यापुढे पाच बायांची वयं. अठ्ठावीस, एकतीस, सव्वीस, चौतीस, एकोणतीस. बाकी काही लिहिलेलं नाही. त्या पानावर मी आजही थांबते.

भूत खरं की खोटं, हा प्रश्न तरीही उरतो, आणि त्यासाठी मी याच गावाकडे वळते. इथे मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, असं परंपरा सांगते. वेदान्त मराठीत बोलू लागला तो असा. वेदान्ताचा दोर आणि सापाचा दृष्टान्त आपण सगळे शिकवतो. दिवा लावला की साप जातो. मी तेहतीस वर्षं हे शिकवलं आणि दर वर्षी मला वाटत राहिलं, साप खोटा ठरला तरी अंगावर आलेल्या काट्याचं काय? तो तर खरा होता. तत्त्वज्ञानाच्या विभागांनी या काट्यापासून सुरुवात करावी, एवढंच माझं मागणं आहे.

कामं पुष्कळ आहेत. तालुक्या-तालुक्यातल्या भुतांचे शब्द जमवायला हवेत, सांगणारी माणसं आहेत तोवर. मालिकांचे भाग आणि पाहणाऱ्यांचं बोलणं जपण्यासाठी कुठेतरी एक कपाट तरी हवं. एम.ए.ला एखादी अभ्यासपत्रिका हवी. याचा आराखडा मी आणलेला नाही, दुपारी बसून ठरवू. आणि समित्यांवर असलेल्या मित्रांना विनंती, पुढची मुलगी आराखडा घेऊन आली तर निदान कागद उलटा.

वही मी इथे टेबलावर ठेवते. मुलीने परवानगी दिली आहे, नाव मात्र सांगू नका म्हणाली. शिवण उसवली आहे, जूनची पानं सुटी झालीत. जेवणानंतर ज्यांना वाचायची त्यांनी वाचावी, हात धुऊन, आणि पानं क्रमाने परत लावावीत.