हात पोहोचेल तिथे कळ



जुन्या स्पोर्ट्‌स कारचं बॉनेट उघडलं की सगळे इंजिनाकडे बघतात. वायरिंगकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. आज मी त्या वायरिंगविषयी, आणि त्यातही एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. सगळा करंट एका झटक्यात तोडणारा किल स्विच गाडीत नेमका कुठे बसवावा?

उदाहरणाला एमजीबी घेऊ. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात ही गाडी तयार झाली. सुमारे पाच लाख गाड्या तिथून बाहेर पडल्या. तिचं वायरिंग इतकं सरळ आहे की हा विषय समजून घ्यायला तिच्यासारखी गाडी नाही.

एमजीबीची बॅटरी बॉनेटखाली नसते. ती सीटच्या मागे, झाकणाखालच्या खोक्यात असते. 1974 पर्यंतच्या गाड्यांत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, पुढच्या गाड्यांत 12 व्होल्टची एक. स्टार्टर मात्र पुढे, इंजिनापाशी. त्यामुळे बॅटरीपासून निघालेली जाड केबल गाडीच्या पोटाखालून थेट पुढे जाते. या केबलला फ्यूज नाही. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी एखादी क्लिप सुटते, केबल पत्र्याला घासू लागते, वरचं आवरण झिजतं. एक दिवस आतलं तांबं पत्र्याला टेकतं आणि बॅटरीची सगळी ताकद त्या एका जागी उतरते. केबल तापून लाल होते, आवरण पेटतं. अशा वेळी चावी काढून हातात घेतली तरी काही उपयोग नाही, कारण ही केबल चावीतून जातच नाही.

म्हणून मुख्य स्विच बॅटरीच्या जितका जवळ, तितका चांगला. तो डॅशबोर्डवर नेला तर जाड केबल आणखी लांबते, आणि बॅटरीपासून स्विचपर्यंतचा तुकडा स्विच बंद केला तरी जिवंतच राहतो.

एमजीबीत माझी पसंती सीटमागच्या उभ्या पत्र्याला आहे, तीही दोन सीटांच्या मधल्या बाजूला. स्विच अर्थच्या, म्हणजे बॅटरी बॉडीला जोडणाऱ्या, केबलमध्ये बसवावा. मग स्विचच्या टोकाला चुकून पाना लागला आणि तो पत्र्याला टेकला, तरी ठिणगी पडत नाही. इथे एक खबरदारी घ्या. 1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, त्यानंतरच्या गाड्यांत ऋण. तेव्हा सवयीने ऋण टोक धरून काम सुरू करू नका. केबल बोटाने चाचपत शेवटपर्यंत जा आणि ती पत्र्याला कुठे बोल्टने बसवली आहे ते डोळ्यांनी बघा. स्टार्टर क्षणभर काही शे अँपिअर खेचतो. स्विच आणि केबल तेवढ्या ताकदीची घ्या.

दोन जागा मात्र टाळा. एक, बॅटरीचं खोकं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि स्विच तोडताना ठिणगी पडू शकते. दुसरी, डिकी. तिच्या तळाखाली पेट्रोलची टाकी आहे, आणि कुलूप लावलेली डिकी संकटात कोण उघडणार?

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. इंजिन चालू असताना नुसती बॅटरी तोडली, तर इंजिन बंद पडेलच असं नाही. अल्टरनेटर स्वतः करंट देत राहतो, इग्निशनला तेवढा पुरतो. वर बॅटरीचा आधार अचानक सुटल्याने व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. म्हणून शर्यतीच्या गाड्यांसाठीच्या स्विचला जादा टोकं असतात. एका जोडीने इग्निशन तुटतं, दुसरीने अल्टरनेटरचा उरलेला करंट रेझिस्टरमधून अर्थला जातो. गाडीत अल्टरनेटर असेल तर असाच स्विच घ्या.

आता चोरीविषयी. चोरासाठी लावायची कळ लपलेली हवी, आगीसाठी लावायची कळ उघड हवी. एकाच कळीकडून दोन्ही कामं करून घेऊ नयेत. चोरासाठी छोटी वेगळी कळ लावा. काही जण ती पेट्रोल पंपाच्या वायरीत लावतात. चावी फिरवल्यावर मागून येणारी पंपाची टिकटिक मग येत नाही, पण कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, थोडं अंतर जाते आणि भर रस्त्यात बंद पडते. मागून येणाऱ्या निरपराध माणसाला त्याचा धोका. त्यापेक्षा कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी पांढरी-काळी वायर बघा. तिला फाटा काढून तो लपवलेल्या कळीतून अर्थला द्या. कळ दाबलेली असली की स्टार्टर फिरतो, पण ठिणगी पडत नाही. मूळ वायर कुठेही तोडलेली नसल्याने, ती कळ पुढे सैल झाली तरी तुमची गाडी घाटात अडकणार नाही.

शर्यतीच्या गाड्यांवर विंडस्क्रीनच्या पायथ्याशी तुम्ही एक निळा त्रिकोण पाहिला असेल. पांढरी कड, आत लाल वीज. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याचा पाया किमान 12 सेंटीमीटर असावा लागतो. चालक बेशुद्ध असला तरी धावून आलेल्या अनोळखी माणसाला करंट कुठे तोडायचा हे विचारावं लागू नये, यासाठी ही खूण असते. रस्त्यावरच्या गाडीला ती सक्तीची नाही, पण त्यामागचा विचार आपण घ्यावा.

म्हणून पत्र्याला भोक पाडण्याआधी एक करा. गाडीत बसा, पट्टा बांधा, डोळे मिटा आणि हात मागे न्या. तो जिथे सहज पोहोचतो, तिथे खडूने खूण करा. मग शेजारच्या सीटवर घरच्या माणसाला बसवून तेच करायला सांगा. दोघांचेही हात पोहोचतील ती तुमच्या स्विचची जागा.

तुमच्याकडे एमजीबी नसेल, वडिलांनी जपलेली जुनी फियाट असेल. तिची बॅटरीची केबल या रविवारी एकदा हात लावून तपासा, आणि करंट कुठे तोडायचा ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.