देवाच्या गौरवात मनुष्याचा वाटा

ख्रिस्ती धर्मविचारातील तारणाचे वर्णन बहुधा पापक्षमेच्या अंगाने केले जाते, आणि मराठी वाचकाच्या कानावरही तेच अधिक पडलेले असते. परंतु नव्या कराराची शिकवण तेवढ्यावर थांबत नाही, क्षमा मिळालेला मनुष्य देवाच्या गौरवाचा वाटेकरी होतो असे ती सांगते, आणि क्षमेचे प्रयोजनही त्यातच आहे. गौरव म्हणजे येथे मानसन्मान किंवा कीर्ती नव्हे. देवाचे पावित्र्य, सामर्थ्य आणि प्रेम मनुष्याला जाणवेल अशा तेजाने प्रकट होते, त्या प्रकटीकरणाला पवित्र शास्त्रात हे नाव आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, आठव्या स्तोत्रात त्याला गौरवाचा मुकुट लाभल्याचे वर्णन आहे, आणि पौलाच्या रोमकरांस पत्रात पापाचे सर्वांत मोठे नुकसान म्हणून जे सांगितले आहे, ते म्हणजे सगळी मनुष्यजात या गौरवाला मुकली. शिक्षेचे भय ही त्यानंतरची गोष्ट आहे.

मुकलेले परत कसे मिळते, याचे उत्तर ख्रिस्ती परंपरा देहधारणाच्या सिद्धान्तातून, म्हणजे देवाच्या पुत्राने येशूच्या रूपाने खरोखर मनुष्यदेह धारण केला या श्रद्धेतून देते. दुसऱ्या शतकातील आयरेनियस आणि चौथ्या शतकातील आलेक्झांड्रियाचा अथनेशियस या दोघांनीही या देहधारणाचा हेतू मनुष्याला देवाच्या जीवनात सहभागी करून घेणे हाच असल्याचे प्रतिपादन केले, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात दैवी स्वभावाचे भागीदार होण्याचा जो उल्लेख आहे, त्याचा आधार या विचाराला मिळाला. मात्र भागीदार होणे म्हणजे देव होणे नव्हे. भट्टीत ठेवलेले लोखंड लालबुंद होते, अग्नीप्रमाणे तापते आणि प्रकाशते, तरी ते लोखंडच राहते, हा दृष्टान्त प्राचीन ग्रीक आचार्यांनी याच कारणासाठी वापरला. आणि पुढे चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास याने देवाचे स्वरूप व देवाच्या शक्ती असा भेद करून, मनुष्याचा सहभाग शक्तींत असतो, स्वरूप मात्र त्याला सदैव अगम्य राहते, अशी मांडणी केली.

महाराष्ट्राच्या भूमीवर या शिकवणीला वेगळ्याच प्रश्नाला सामोरे जावे लागले. युरोपात देव व मनुष्य यांतील अंतर गृहीत होते आणि जवळीक सिद्ध करायची होती. येथे जीव आणि ब्रह्म एकच असल्याचे सांगणारे अद्वैत पूर्वीपासून प्रतिष्ठित होते. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नीळकंठशास्त्री, पुढचे नेहेम्या गोरे, यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ या ग्रंथात नेमका हाच मुद्दा धरला: जीव जर ब्रह्मच असेल, तर जीवाचे अज्ञान आणि दोष शेवटी ब्रह्माच्याच माथी येतात. गोऱ्यांचा युक्तिवाद कठोर आहे आणि अद्वैताच्या अभ्यासकांना तो सहज पटण्यासारखा नाही; तरीही निर्माता व निर्मिती यांतील भेद पुसला गेला तर कृपेला जागाच उरत नाही, हे त्यांनी फार स्पष्टपणे पाहिले होते. जे मुळात आपलेच आहे ते कोणी देऊ शकत नाही आणि त्याबद्दल कोणी कृतज्ञही होऊ शकत नाही.

भक्तिमार्गाची परिभाषा येथे अधिक उपयोगी पडते. सलोकता म्हणजे देवाच्या लोकी राहणे, समीपता म्हणजे त्याच्या निकट असणे, सरूपता म्हणजे त्याच्यासारखे रूप लाभणे आणि सायुज्यता म्हणजे त्याच्याशी एक होऊन जाणे, अशा चार मुक्ती मराठी वाचकाला परिचित आहेत. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गाला वैकुंठच म्हटले, म्हणजे पहिल्या दोन मुक्तींचे चित्र त्यांना मराठी श्रोत्यासाठी पुरेसे वाटले असावे. पौलाची शिकवण मात्र तिसरीच्या अधिक जवळ जाते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो मोशेच्या मुखावरील तेजाची आठवण देतो. सीनाय पर्वतावरून उतरल्यावर ते तेज लोकांना सहन होईना, म्हणून मोशेला तोंडावर आच्छादन घ्यावे लागले. ख्रिस्ताकडे वळणाऱ्यांचे आच्छादन निघते, आणि प्रभूच्या गौरवाकडे पाहता पाहता त्यांचे रूपांतर पायरीपायरीने त्याच्या प्रतिमेत होते, असे पौल म्हणतो. हे रूपांतर पवित्र आत्म्याचे कार्य आहे, ते याच जन्मी सुरू होते आणि पुनरुत्थानात देहासह पूर्ण होते.

परंतु हे रूप कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही, आणि सगळ्या विवेचनाचा मर्मबिंदू तोच आहे. योहानकृत शुभवर्तमानात, आपल्याला मिळालेले गौरव आपण शिष्यांना दिले आहे असे येशू पित्याला ज्या प्रार्थनेत सांगतो, ती प्रार्थना शेवटच्या भोजनाच्या रात्रीची आहे. त्याच रात्री तो पंक्तीतून उठला, बाहेरची वस्त्रे उतरवून त्याने कमरेला रुमाल गुंडाळला, गंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुऊन पुसले. पेत्राने आधी विरोध केला, पण त्याचेही धुतले आणि विश्वासघात करणाऱ्या यहूदाचेही धुतले. यहूदा बाहेर पडताच, आता मनुष्याच्या पुत्राचे गौरव झाले आहे, असा उद्गार येशूच्या तोंडून निघतो. योहानाच्या दृष्टीने वधस्तंभ ही गौरवाआधीची अडचण नाही, तेथेच गौरव प्रकट होते. म्हणून रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात गौरवाच्या वाट्याला दुःखसहनाची अट जोडलेली आहे. या अटीवाचून दैवी सहभागाची भाषा केली की तिचे आध्यात्मिक अहंकारात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

महाराष्ट्रात ही अट जगण्यात उतरवण्याचा सर्वांत लक्षणीय प्रयत्न रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा म्हणावा लागेल. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला.  डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. मोक्षापेक्षा भक्तीचे सुख थोर मानणाऱ्या तुकारामांच्या वाटेने आलेल्या या कवीला ख्रिस्तात विलीन होण्यापेक्षा त्याचा सहवास आणि सेवा अधिक प्रिय असावी, हे स्वाभाविकच होते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहून ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी तेथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. तिच्यावर धर्मशास्त्रीय आक्षेप घेता येतात, कारण बाप्तिस्मा हा ख्रिस्ताच्या मरणात व पुनरुत्थानात सहभागी होण्याचा विधी आहे आणि त्याला ऐच्छिक मानणे चर्चला सोपे नाही. तरीही ज्या आठव्या अध्यायात पौल देवाच्या मुलांच्या गौरवाविषयी लिहितो, त्यातच समस्त सृष्टी त्या गौरवाची वाट पाहत कण्हत असल्याचे तो सांगतो, आणि इतक्या व्यापक आशेच्या मानाने दरबाराचे दार टिळकांनी फार रुंद ठेवले असे म्हणता येत नाही. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या दरबाराला जेमतेम दोन वर्षे होत होती.