खांद्यावरून खांद्यावर आलेला वारसा



मध्ययुगीन इंग्रजी कथाकाव्यावर ग्रीक व रोमन वाङ्मयाचा झालेला परिणाम, हा विषय कामगार संघटनेच्या माणसाने का घ्यावा, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांना आली असेल. शंका रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. लॅटिन आम्हांला येत नाही, आणि ही काव्ये आम्ही वाचली तीही आजच्या इंग्रजीतील रूपांतरांचा हात धरून. परंतु ज्या कवींबद्दल बोलावयाचे आहे, त्यांनीही होमर मूळ ग्रीकमध्ये वाचलेला नव्हता. तेव्हा या पंगतीत आमचाही एक पाट मांडण्यास हरकत नसावी.

प्रथम काळ ध्यानात घ्या. 14व्या शतकातील इंग्लंडात विद्येची भाषा लॅटिन, दरबाराची व कोर्टकचेरीची बरीचशी फ्रेंच, आणि शेतात, बाजारात, चुलीपुढे बोलावयाची ती इंग्रजी. कोर्टातील वादविवाद इंग्रजीत चालावेत, असा कायदा 1362 साली झाला. पण तो कायदाही लिहिला होता फ्रेंचमध्ये! अशा या भाषेत रोमच्या महाकवींच्या कथा आल्या कशा? सरळ वाटेने आल्या नाहीत. ट्रॉयच्या युद्धाचेच पाहा. पश्चिम युरोपात होमर नावापुरता माहीत होता. त्याच्या जागी डेरीस आणि डिक्टिस या दोघांच्या नावावर चालणारी लॅटिन गद्य पुस्तके लोक वाचीत. आपण हे युद्ध डोळ्यांनी पाहिले, असा त्या पुस्तकांचा दावा असे. त्यांच्या आधारे 12व्या शतकात बेन्वा दे सेंत-मोर याने फ्रेंच काव्य रचले. 1287 साली ग्विदो देल्ले कोलोन्ने याने ती कथा पुन्हा लॅटिन गद्यात नेली. इटलीत बोकाचिओने त्यातील ट्रॉयलसच्या प्रेमकथेवर वेगळे काव्य लिहिले, आणि तेथून जेफ्री चॉसरने ती इंग्रजीत आणली. माल एकच, पण प्रत्येक हमालाने गाठ सोडून पुन्हा बांधली.

गाठ पुन्हा बांधताना काय होते, याचे एक गोड उदाहरण म्हणजे ‘सर ऑर्फियो’ हे सुमारे सहाशे ओळींचे काव्य. कवी अज्ञात आहे. 1330 ते 1340 च्या सुमारास लंडनमध्ये लिहिलेल्या एका जाडजूड हस्तलिखितात ते सापडते. हे हस्तलिखित आज एडिंबरोला आहे. मूळ कथा ग्रीक ऑर्फियसची. सापाच्या दंशाने मेलेल्या पत्नीला आणण्यासाठी तो पाताळात जातो, आपल्या वाद्याने मृत्यूच्या राजाला वितळवतो. पण अट मोडून मागे वळून पाहतो आणि तिला कायमची गमावतो. व्हर्जिल आणि ओव्हिड या दोघांनीही ती सांगितली आहे. इंग्रज कवीने काय केले? त्याचा नायक इंग्लंडचा राजा आहे. थ्रेस हे विंचेस्टरचेच जुने नाव, असे तो बेलाशक सांगतो! राणीला साप चावत नाही. झाडाखाली दुपारची झोप घेताना तिला पऱ्यांच्या राजाची दृष्ट लागते आणि तो तिला नेतो. राजा राज्य कारभाऱ्याच्या हाती सोपवून दहा वर्षे रानावनात हिंडतो, मग वीणेसारखे तारांचे वाद्य वाजवून तिला परत मिळवतो. येथे मागे वळून पाहणे नाही, गमावणे नाही. उलट भिकाऱ्याच्या वेषात घरी येऊन तो कारभाऱ्याची परीक्षा घेतो, आणि कारभारी इमानी ठरतो. रोमच्या कवींनी नशिबापुढे हरलेला प्रियकर दाखविला. या अनामिकाने दिलेला शब्द पाळणारी माणसे दाखविली. आम्हांला ही विटंबना वाटत नाही. ही कथा त्या मातीत रुजली, याची ही खूण आहे.

आता चॉसरकडे येऊ. हा लंडनच्या एका दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. 1374 साली त्याला लंडन बंदरात लोकर व कातडी यांच्या जकातीवर देखरेख करण्याची सरकारी जागा मिळाली, आणि हिशेबाच्या वह्या स्वहस्ते लिहिण्याची अट घालण्यात आली. बारा वर्षे त्याने हे काम केले. राहावयास जागा होती ती शहराच्या ऑल्डगेट या वेशीवरील खोल्यांत. ‘कीर्तीचे मंदिर’ या काव्यात एक गरुड त्याला उचलून आकाशात नेतो आणि वाटेत त्याची खरडपट्टी काढतो: दिवसभर आकडेमोड करतोस, घरी येऊन मुकाट्याने पुन्हा दुसऱ्या पुस्तकात डोके खुपसतोस, शेजारीपाजारी काय चालले आहे याचा तुला पत्ता नसतो! काम संपल्यावर दिव्याच्या उजेडात वाचणाऱ्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

याच काव्याच्या तिसऱ्या भागात कीर्तिदेवीच्या दिवाणखान्यात खांबांची रांग आहे. प्रत्येक खांबावर एक ग्रंथकार उभा, आणि त्याच्या खांद्यावर ओझे! स्टेशियस थीब्ज नगरीची कीर्ती पेलतो, व्हर्जिल ईनिअसची, ल्यूकन सीझर आणि पाँपी यांची. ट्रॉयची कीर्ती तर इतकी जड की होमरबरोबर आणखी कित्येक जण तिला खांदा देत आहेत. त्यांच्यातही तंटा आहे: होमर ग्रीकांच्या बाजूने खोटे लिहितो, अशी एकाची तक्रार! आमचे आयुष्य ओझी वाहणाऱ्यांत गेले, म्हणून हे दृश्य आम्हांला विसरता येत नाही. बंदरात गाठी मोजणाऱ्या या कवीला ठाऊक होते, की कीर्ती आपोआप टिकत नाही. ती कोणीतरी पाठीवर वाहावी लागते. आणि वाहणारे निःपक्षपाती असतातच असे नाही.

मग वाचणाऱ्याने काय करावे? दोन्ही बाजू ऐकाव्या. व्हर्जिलच्या महाकाव्यात ईनिअस कार्थेजची राणी डिडो हिला सोडून जातो, कारण रोमचा पाया घालणे ही देवांची आज्ञा. ती आत्महत्या करते. ओव्हिडने ‘नायिकांची पत्रे’ लिहिली, त्यांत डिडोचेही पत्र आहे. तेथे तिची फिर्याद तिच्याच तोंडून ऐकू येते. चॉसर सुरुवात व्हर्जिलच्या वाटेने करतो, परंतु डिडोपाशी येताच थांबतो आणि तिला दीर्घ विलाप करू देतो. हे आपण दुसऱ्या कोणा ग्रंथकारावरून घेतलेले नाही, असेही बजावतो. अधिक हवे असेल त्याने व्हर्जिल वाचावा वा ओव्हिड वाचावा, असे सांगून दोन्ही कागद तो आपल्यापुढे ठेवतो. वाटाघाटीच्या मेजावर ज्याने आयुष्य काढले त्याला याचे मोल कळते. एकाच पक्षाचे टिपण वाचून निवाडा करू नये.

ग्रंथप्रामाण्याची त्याने थट्टाही केली आहे. ‘कँटरबरी कथां’तील बाथ गावची बाई कापड विणण्यात तरबेज, पाच नवरे पाहिलेली. ती मायडस राजाची गोष्ट सांगते: राजाला गाढवाचे कान होते, हे गुपित त्याच्या बायकोला राहवेना म्हणून तिने ते पाण्यापाशी जाऊन सांगितले. पुढचे ओव्हिडमध्ये वाचा, असे म्हणून बाई मोकळी होते. ओव्हिड उघडून पाहावा, तर गुपित फोडणारी बायको नाहीच. तो राजाचे केस कापणारा नोकर आहे! जो मूळ पाहील त्यालाच ही थट्टा कळावी, अशी तिची ठेवण आहे.

याच बाईच्या कथेत एक सरदार आहे. एका मुलीवर बलात्कार केल्याबद्दल त्याला देहदंड व्हावयाचा असतो. राणी त्याला एका कोड्यावर सोडते. एक दरिद्री म्हातारी त्याला उत्तर देते आणि मोबदल्यात आपल्याशी लग्न करावयास लावते. लग्नाच्या रात्री तो कुरकुरतो: तू म्हातारी, कुरूप आणि हलक्या कुळातली. त्यावर ती त्याला जे ऐकवते, ते या सर्व काव्यातील आमचे सर्वांत आवडते भाषण. कुलीनता बापजाद्यांच्या मालमत्तेबरोबर येत नाही, ती आचरणात असते, असे ती म्हणते. साक्षीला कोणाला आणते? दान्तेला, सेनेकाला आणि बोएथियसला. हा बोएथियस म्हणजे सुमारे 524 साली देहदंड झालेला, तुरुंगात ग्रंथ लिहिणारा रोमन तत्त्वज्ञ. चॉसरने त्याचा तो ग्रंथ स्वतः इंग्रजीत आणला होता. गरिबीतून वर येऊन रोमचा राजा झालेल्या तुलस होस्टिलिअसचे नाव ती घेते, आणि दारिद्र्याच्या बाजूने बोलताना जुव्हेनललाही उभे करते.

येथे एक सावधगिरी हवी. 1348-49 च्या महामारीत मजूर कमी झाले, मजुरी वाढू लागली, तेव्हा 1351 च्या कायद्याने ती महामारीपूर्व दरावर बांधून टाकली. 1381 साली शेतकरी-कष्टकऱ्यांचे बंड उसळले; एसेक्सचे बंडखोर शहरात शिरले ते चॉसर राहत होता त्याच ऑल्डगेट वेशीतून. जन्माने माणूस उच्चनीच कसा ठरतो, हा प्रश्न त्याच बंडात जॉन बॉल या धर्मोपदेशकाने जाहीरपणे विचारला होता. म्हणून चॉसरला बंडखोरांचा सोबती ठरवावयाचे काय? नाही. तो राजाचा नोकर होता, राजाच्या पैशावर जगत होता, आणि बंडाचा उल्लेख त्याने केला तोही कोल्ह्यामागे धावणाऱ्यांच्या गोंगाटाला उपमा म्हणून. परंतु तो राजाचा नोकर असूनही, रोमच्या पंडितांचे वचन त्याने एका दरिद्री म्हातारीच्या तोंडी घातले आणि सरदाराला ते निमूट ऐकावयास लावले. ही गोष्ट कागदावर आहे, आणि ती कोणाला खोडता येणार नाही.

अभिजात वाङ्मय हे कुळवंतांचे आणि पदवीधरांचे वतन, असे आमच्या लोकांना नेहमी ऐकविले जाते, आणि आमचे लोकही ते मुकाट्याने मानतात. ते त्यांनी मानू नये, एवढेच सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत. हा वारसा ज्यांनी आणला, त्यांतले एक जकातीचा हिशेबनीस होते आणि एक असे, की त्यांचे नावही उरले नाही. त्यांनी तो उचलला, तपासला, आपल्या भाषेत बसविला आणि पुढच्याच्या खांद्यावर दिला. ऑर्फियसची गोष्ट आज रात्री घरी मुलांना सांगून पाहा. शेवट कोणता सांगावयाचा, हे तुम्हांलाच ठरवावे लागेल.