सांगडीवरचा एक दिवस

मराठींत 'सांगड घालणें' हा वाक्प्रचार सर्रास वापरला जातो. परंतु सांगड ही मूळची काय वस्तु आहे, हें शहरांतल्या घरांत फारसें कोणास ठाऊक नसतें. दोन होड्या शेजारीं शेजारीं ठेवून त्यांवर आडवीं लांकडें बांधलीं म्हणजे जें तरतें साधन तयार होतें, त्याला सांगड म्हणतात. जड ओझें पैलतीरास न्यावयाचें असेल तर एकटी होडी कलंडते. दोन एकत्र बांधल्या कीं त्या एकमेकींस सांवरतात. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, कॅरिबियन समुद्रांत, हौशी प्रवासी ज्या पांढऱ्याशुभ्र शिडाच्या नौकेवर दिवसभर सहल करितात, ती नौका म्हणजे एका अर्थीं हीच सांगड होय. तिला तेथें 'कॅटमरान' म्हणतात. आणि नवल असें कीं, हें नांवहि भारताच्या किनाऱ्यावरूनच तिकडे गेलेलें आहे.

तामिळ भाषेंत 'कट्टु' म्हणजे बांधणें आणि 'मरम्' म्हणजे झाड अथवा लांकूड. कट्टुमरम् म्हणजे बांधलेलीं लांकडें. चोलमंडल किनाऱ्यावरील कोळी कांहीं ओंडके दोरीनें एकत्र आवळून, त्यांवर बसून, फेंसाळ लाटांतून खोल समुद्रांत जात. सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डॅंपियर या इंग्रज दर्यावर्द्यानें आपल्या प्रवासवृत्तांत या तराफ्याची नोंद केली, आणि तो शब्द इंग्रजींत रुळला. पुढें प्रशांत महासागरांतील पॉलिनेशियन लोकांच्या जोडहोड्यांनाहि तेंच नांव मिळालें. दोन लांब होड्या जोडून हे लोक अफाट अंतरें तोडीत असत. तेव्हां नांव तामिळ तराफ्याचें आणि रूप पॉलिनेशियन होडीचें, अशी येथें शब्दाची आणि वस्तूचीहि सांगड पडली आहे.

पाश्चात्य नौकाशिल्पानें या रूपाचें स्वागत मोठ्या नाखुषीनें केलें. १८७६ सालीं नॅथनेल हेरशॉफ या अमेरिकन शिल्पज्ञानें 'अमॅरिलिस' नांवाची जोडनौका न्यूयॉर्कच्या शर्यतींत उतरविली. तिनें इतर नौकांना इतकें मागें टाकलें कीं, हरलेल्यांनीं तक्रार केली आणि तसल्या नौकांना शर्यतींतून वगळण्यांत आलें. त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९५५-५६ सालीं जेम्स व्हॅरम या इंग्रज तरुणानें सात मीटरांच्या आसपास लांबीची, स्वतः बांधलेली जोडनौका घेऊन दोन साथीदारांसह अटलांटिक महासागर ओलांडला आणि तो ट्रिनिडादला पोंचला. जी नौका तज्ज्ञांनीं भर समुद्रास नालायक ठरविली होती, ती कॅरिबियन समुद्रांत अशा रीतीनें दाखल झाली. आज तेथल्या बंदरांत तिचेंच राज्य दिसतें.

या समुद्रांत सेंट व्हिन्सेंट व ग्रेनाडीन्स या नांवाचें एक लहानसें राष्ट्र आहे. २७ ऑक्टोबर १९७९ रोजीं तें ब्रिटिश सत्तेंतून स्वतंत्र झालें. उत्तरेस सेंट व्हिन्सेंट हें ज्वालामुखीचें डोंगराळ बेट, आणि त्याच्या दक्षिणेस माळेंतील मण्यांसारखीं ओघळलेलीं ग्रेनाडीन्स बेटें. या माळेच्या दक्षिण टोंकाजवळ युनियन हें बेट आहे. क्लिफ्टन आणि ॲश्टन हीं त्यावरील दोन गांवें. क्लिफ्टनपासून ईशान्येस सुमारे पांच सागरी मैलांवर टोबॅगो कीज नांवाचीं पांच निर्मनुष्य बेटुकलीं आहेत. नामसादृश्यामुळें कोणी त्यांचा ट्रिनिडादशेजारच्या टोबॅगो बेटाशीं घोटाळा करूं नये. दिवसाच्या बोलीनें संपूर्ण नौका भाड्यानें घेणारें कुटुंब बहुधा येथेंच जातें.

सकाळीं धक्क्यावर नौकेचा तांडेल आणि त्याचा एक मदतनीस पाहुण्यांची वाट पाहत असतात. नौकेवर पाऊल ठेवण्यापूर्वीं पादत्राणें काढून टोपलींत टाकावीं लागतात. मराठी घरांतल्या माणसास हा नियम शिकवावा लागत नाहीं. मग तरंगपट्टे कोठें आहेत, दोर कोणता धरूं नये, हें सांगितलें जातें. उतावळ्या पाहुण्यास वाटतें कीं, पहाटेंच कां निघूं नये? परंतु तांडेल घाई करीत नाहीं, आणि त्याला कारण आहे. वाट पूर्वेकडची, सकाळचा कोंवळा सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि पाण्यावर नुसती चकाकी दिसते. खालीं दडलेले प्रवाळाचे खडक दिसावयाचे तर सूर्य वर चढलेला पाहिजे. मग पाण्याचा रंगच नकाशा होतो. गडद निळें तें खोल, फिकट हिरवें तें वाळूवरचें उथळ, आणि जेथें तपकिरी छटा दिसेल तेथें खडक. नकाशे आणि यंत्रें जवळ असूनहि शेवटचा निर्णय तांडेलाच्या डोळ्यांचाच असतो.

जातांना वारा समोरून येतो. वर्षाचे बहुतेक महिने पूर्वेकडून आणि ईशान्येकडून वाहणारे हे व्यापारी वारे होत. जोडनौकेला वाऱ्याच्या तोंडावर चढणें फारसें साधत नाहीं. म्हणून सकाळीं बहुधा यंत्राचा आधार घ्यावा लागतो. प्रत्येक होडींत एक, अशीं दोन यंत्रें असतात. एक पुढें आणि दुसरें मागें चालविलें म्हणजे नौका जागच्या जागीं वळते. लाटा बऱ्याच उंच असल्या तरी पेल्यांतलें पाणी सहसा सांडत नाहीं. याचें मर्म सोपें आहे. पाय जुळवून उभा राहिलेला माणूस धक्क्यासरशीं कलतो. पाय फांकून उभा राहिलेला कलत नाहीं. एकेरी शिडाच्या नौकेस तळाशीं मोठें वजन बांधून तोल राखावा लागतो. जोडनौकेचा तोल तिच्या रुंदींत असतो. वजन नाहीं म्हणून ती हलकी, हलकी म्हणून वेगवान, आणि तिचा थोडाच भाग पाण्याखालीं असल्यामुळें उथळ पाण्यांतहि जाणारी. मात्र या गुणांस एक मोठा दोष चिकटलेला आहे. एकेरी नौका आडवी झाली तरी तळचें वजन तिला पुनः उभी करितें. जोडनौका एकदां पालथी पडली कीं आपण होऊन उलटत नाहीं. म्हणून वारा वाढण्यापूर्वींच शीड आंखडतें घेणें हें तिच्या तांडेलाचें पहिलें कर्तव्य समजलें जातें.

दोन होड्यांच्या मध्यें पुढच्या बाजूस एक मजबूत जाळें ताणून बसविलेलें असतें. मुलें त्यावर पालथीं पडून खालचें धांवतें पाणी पाहतात, आणि एखादी लाट उसळून त्यांना चिंब भिजविते. तासाभरांत बेटुकलीं जवळ येतात, आणि पाहुण्यास एक चमत्कार अनुभवास येतो. वारा होता तसाच वाहत असतो, पण लाटा नाहींशा झालेल्या असतात. पूर्वेस अर्धवर्तुळाकार पसरलेली घोड्याच्या नालाच्या आकाराची प्रवाळाची भिंत त्यांना अडवून धरते. भिंतीपलीकडे आफ्रिकेपर्यंत जवळजवळ मोकळा समुद्रच आहे. सबंध अटलांटिक महासागर त्या भिंतीवर रात्रंदिवस आदळत असतो, आणि भिंतीच्या आंत पाणी एखाद्या तळ्यासारखें स्वच्छ असतें. कित्येक शतकें कोट्यवधि क्षुद्र जीवांनीं आपल्या देहाच्या चुन्यानें बांधलेला हा धक्का आहे.

हा प्रदेश सागरी उद्यान म्हणून राखून ठेवलेला आहे. तेथें प्रत्येक पाहुण्यास शुल्क द्यावें लागतें. मासे धरतां येत नाहींत, प्रवाळास हात लावतां येत नाहीं, आणि नांगर टाकावयाचा तर तो केवळ वाळूंत. बॅराडल या बेटाजवळ दोर ताणून कांहीं पाणी वेगळें काढलेलें आहे. त्यांत नौकांना मज्जाव असतो. हिरवीं कासवें तेथें समुद्रतृण चरावयास येतात. तोंडाला नळी लावून पोहणारा पाहुणा पृष्ठभागावर निश्चल तरंगत राहिला, तर खालीं कासव गाईसारखें शांतपणें चरतांना दिसतें. मधूनच श्वास घेण्यास वर येतें आणि पुनः चरूं लागतें. त्याचा पाठलाग करावयाचा नाहीं, त्याला स्पर्श करावयाचा नाहीं. ज्याला स्वस्थ राहतां येतें त्यालाच तें जवळून दिसतें.

या कुरणालाहि आज एक संकट लागलें आहे. तांबड्या समुद्राकडील एक परकें समुद्रतृण २००२ सालीं ग्रेनाडाच्या पाण्यांत प्रथम आढळलें आणि तेथून तें बेटाबेटांवर पसरलें. नौकांबरोबर आणि त्यांच्या नांगरांना अडकलेल्या तुकड्यांबरोबर तें पसरतें, असा तज्ज्ञांचा कयास आहे. कासवांच्या आवडीच्या देशी तृणाची जागा तें बळकावितें. म्हणजे जी नौका कासवें दाखवावयास जाते, तीच नकळत त्यांच्या कुरणांत तण पेरीत असावी. जाणता तांडेल म्हणूनच नांगर वर घेतांना त्यास चिकटलेलें गवत काढून ठेवतो. काम दोन मिनिटांचें. पण तें करणारा आणि न करणारा यांत अंतर फार.

दुपारीं भोजनास पेटिट बातो या बेटाच्या वाळूवर उतरतात. युनियन आणि मेरो या बेटांवरील लोक झाडाखालीं चुली मांडून मोठे शेवंडे भाजून देतात. मे ते ऑगस्ट या विणीच्या काळांत शेवंड धरण्यास मनाई असते, तेव्हां मासे मिळतात. शाकाहारी पाहुण्यासाठीं भाजलेला नीरफणस असतो. कोंकणांतल्या आणि गोव्यांतल्या माणसास हें फळ नवें नाहीं. परंतु तें येथें कसें आलें, ही कथा मात्र कडू आहे. मळ्यांवरील गुलामांना स्वस्त अन्न मिळावें म्हणून ताहितीहून त्याचीं रोपें आणावयास विल्यम ब्लाय निघाला होता. १७८९ सालीं 'बाउंटी' जहाजावर खलाशांनीं बंड केलें आणि तो बेत फसला. दुसऱ्या सफरींत, १७९३ च्या जानेवारींत, त्यानें तीं रोपें सेंट व्हिन्सेंटला उतरविलीं. १७६५ सालीं स्थापन झालेल्या तेथल्या वनस्पति-उद्यानांत तीं वाढलीं. ज्या अन्नाची योजना गुलामीची किफायत वाढविण्यासाठीं झाली, तें भाजलेल्या नीरफणसाचें पक्वान्न आज स्वतंत्र राष्ट्राचें राष्ट्रीय भोजन म्हणून अभिमानानें वाढलें जातें.

गुलामी संपली आणि मळेवाल्यांनीं मजुरांसाठीं भारताकडे दृष्टि वळविली. १ जून १८६१ रोजीं 'त्रावणकोर' नांवाचें जहाज मद्रासहून करारबद्ध मजूर घेऊन सेंट व्हिन्सेंटला लागलें. १८८० पर्यंत अशा जहाजांतून सुमारे अडीच हजार माणसें या बेटावर आलीं. १ जून हा दिवस आजहि तेथें भारतीय आगमनदिन म्हणून पाळला जातो. त्या काळीं मद्रासला बांधीव बंदर नव्हतें. जहाजें दूर उभीं राहत, आणि निरोप व पत्रें पोंचविणारे कोळी कट्टुमरमांवरून लाटा फोडीत त्यांच्यापर्यंत जात. तेव्हां मायदेश सोडतांना त्या मजुरांच्या दृष्टीस शेवटीं शेवटीं जें पडलें, त्यांत हे बांधलेले ओंडकेहि असतील. त्याच नांवाच्या नौकेवर बसून आज त्यांच्या बेटांची सहल होते, हें ध्यानांत आलें म्हणजे घास क्षणभर तोंडांत थबकतो.

जेवणानंतर तांडेलाशीं बोलणें निघतें, आणि तें बहुधा दोन गोष्टींवर येऊन ठेपतें. पहिली ॲश्टनच्या खाजणाची. १९९४ च्या सुमारास परकी भांडवलावर तेथें सुमारे तीनशे नौकांचा मोठा धक्का बांधावयास घेतला. वर्षभरांत धंदा बुडाला. परंतु अर्धवट राहिलेल्या बांधानें पाण्याचा प्रवाह तोडला, आणि मासे, प्रवाळ, खारफुटी यांना उतरती कळा लागली. सुमारे दोन दशकांनीं स्थानिक संस्थांनीं बांध जागोजागीं फोडून पाण्यास पुनः वाट करून दिली. दुसरी गोष्ट बेरिल चक्रीवादळाची. १ जुलै २०२४ रोजीं ताशीं २०० किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा या बेटांवरून गेला. युनियन बेटावरील शेंकडा ९० घरांची मोडतोड झाली किंवा तीं भुईसपाट झालीं, असें पंतप्रधानांनीं जाहीर केलें. ज्यांचीं घरें गेलीं त्यांच्या होड्याहि गेल्या. आणि होडी गेली म्हणजे मासेमारी गेली आणि पाहुणेहि गेले. त्यांतून सांवरणाऱ्या माणसास पाहुण्याचा एक दिवस म्हणजे छपराचे चार पत्रे असतात.

म्हणून या सहलीचा हिशेब केवळ सुखाच्या भाषेंत पुरा होत नाहीं. पाहुणे न आले तर गांवास पोट भरण्याचें साधन राहत नाहीं. ते बेपर्वाईनें आले तर प्रवाळ आणि कासवें राहत नाहींत, आणि मग पुढच्या पाहुण्यास येण्याचें कारणहि उरत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत तापलेल्या समुद्रानें, विशेषतः २०२३ सालीं, कॅरिबियन प्रवाळाचा रंग ठिकठिकाणीं उडविला. तें दुखणें एका तांडेलाच्या हातचें नाहीं. परंतु नांगर वाळूंत पडतो कीं तृणांत, जेवण परक्या दुकानांतून आणिलेल्या डब्यांतलें असतें कीं किनाऱ्यावरील चुलीवरचें, हें तर पाहुण्याच्या आणि तांडेलाच्या हातांत असतें. पूर्ण भाडें मोजलें म्हणजे नौका त्या दिवसापुरती खासगी होते. समुद्र कांहीं खासगी होत नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं नांगर उचलला जातो. आतां वारा पाठीशीं असतो. शीड उघडतें, तांडेल दोन्ही यंत्रें बंद करतो, आणि दिवसांत प्रथमच खरी शांतता पसरते. दोन होड्यांमधून सरकणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज येत राहतो. दिवसभर बडबडणारीं मुलेंहि गप्प होतात. सूर्य समोर पश्चिमेस उतरत असतो, आणि युनियनच्या डोंगराखालीं, नव्या पत्र्यांच्या छपरांवर त्याचीं किरणें चमकत असतात. धक्क्यास लागल्यावर पाहुणे टोपलींतून आपापलीं पादत्राणें शोधून घेतात, तांडेलाचा निरोप घेतात आणि गांवाकडे वळतात. तांडेल मात्र तेथेंच राहतो. नांगराच्या साखळींत अडकलेलें गवत तो एकेक करून काढीत असतो. उद्यां सकाळीं दुसरें कुटुंब यावयाचें असतें.