शहराचं आभाळ निवळलं, आपल्या चुलीचं काय?

आज आम्ही हवेबद्दल बोलणार आहोत.

२५ मार्च २०२० पासून सगळा देश बंद झाला, आठवतंय ना? एसटी थांबली, आठवडी बाजार थांबला. त्या दिवसांत आमच्या गटातल्या एका ताईंना दिरांचा ठाण्याहून फोन आला. म्हणाले, "वहिनी, गच्चीवरून येऊरचे डोंगर इतके स्वच्छ दिसतात, जणू कुणी काच पुसून ठेवली." ताई म्हणाल्या, "डोंगर बघून पोट भरतं का भावजी? घरी या." पण येणार कसे? गाड्याच नव्हत्या.

असं ठाण्यातच झालं नाही. पंजाबातल्या जालंधरमधून लोकांना शंभराहून जास्त किलोमीटरवरचे धौलाधारचे बर्फाचे डोंगर घराच्या छतावरून दिसले.

हे कशामुळे झालं? गाडीत पेट्रोल-डिझेल जळतं तेव्हा नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. तो हवेत फार वेळ टिकत नाही. म्हणून गाड्या थांबल्या की लगेच कमी होतो. युरोपच्या अंतराळ संस्थेने उपग्रहावरून पाहिलं, तर दिल्ली आणि मुंबईवर हा वायू आदल्या वर्षीपेक्षा ४० ते ५० टक्के कमी झाला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे बारीक कण. त्यांना पीएम २.५ म्हणतात. आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे ते असतात. नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. हे कणही कमी झाले, पण त्या वायूइतके नाही. कारण कोळशावरची वीजकेंद्रं चालू होती आणि घराघरांतल्या चुलीही पेटत होत्या. आपल्या देशात या कणांचं एक मोठं कारण लाकूड-गोवऱ्यांचा धूर आहे.

आता आपल्या घराकडे बघू. शहरातली माणसं हळूहळू गावी आली. खाणारी तोंडं वाढली, चूल सकाळपासून रात्रीपर्यंत पेटती राहिली. शहराचं आभाळ निवळत होतं, तेव्हा आपण फुंकणी घेऊन डोळे चोळत बसलो होतो. एप्रिल ते जून उज्ज्वलाच्या बायकांना तीन सिलिंडर मोफत मिळाले, तेव्हा खोकला कमी झाला असं आमच्यातल्या कितीजणी म्हणाल्या. पुढे भरायला पैसे नाहीत म्हणून सिलिंडर कोपऱ्यात गेला आणि त्यावर धान्याचा डबा बसला.

टाळेबंदी उठली, गाड्या सुरू झाल्या आणि शहरांची हवा पुन्हा बिघडली. हवा साफ ठेवायला माणसांना उपाशी बसवणं हा काही उपाय नाही. पण त्या दिवसांनी एक दाखवून दिलं: धूर कुठून येतो ते बंद केलं, की हवा सुधारते. हे आपल्या स्वयंपाकघरालाही लागू आहे.

म्हणून आमच्या गटाने एक ठरवलं. ज्या ताईंचा सिलिंडर संपला आणि हातात पैसे नाहीत, त्यांना गटातून तेवढी रक्कम द्यायची. फेड पुढच्या तीन बैठकांत. निदान सकाळचा चहा आणि भाकरी गॅसवर व्हावी. जिथे चूलच आहे, तिथे वाळलेलं लाकूड, वर धुराडं आणि लहान मूल चुलीपासून लांब. प्लास्टिक चुलीत घालायचं नाही, उकिरड्यावरही पेटवायचं नाही.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: कुणाकुणाचा सिलिंडर कोपऱ्यात रिकामा पडला आहे? हात वर करायला लाजू नका. आमच्यात पहिला हात वर झाला तो अध्यक्षताईंचाच.