दोन अबोल शिक्षकांची शाळा



अंतर्मुख व बहिर्मुख हा स्वभावभेद कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली ग्रंथरूपाने मांडला. अंतर्मुखता हा दोष नव्हे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंत पटास दोन शिक्षक ठरविले आहेत. हे दोघेही अंतर्मुख असल्यास कलह क्वचितच होतो. परस्परांच्या एकांताचा मान राखला जातो. धोका असतो तो निराळाच. एखादे मूल आठवडाभर येत नाही. सहकाऱ्याने चौकशी केली असेल, असे प्रत्येकास वाटते. विचारीत मात्र कोणीच नाही. दोघांच्या संकोचापायी मुलाची शाळा सुटते.

यास्तव सायंकाळी हजेरीपट समोर ठेवून उभयतांनी दहा मिनिटे बसावे. बोलणे जड वाटल्यास वहीत लिहावे. स्वभाव बदलण्याचे कारण नाही. मुलाची चौकशी तेवढी राहता कामा नये.