जमिनीचे मोल आणि माणसाचे घर



नगर वाढू लागले की रस्ते रुंद करावे लागतात, रोगट वस्त्या हटवून नव्या घरांसाठी जागा मोकळी करावी लागते. त्यासाठी लागणारी जमीन कोणाच्या तरी मालकीची असते आणि ती विकण्याची त्याची इच्छा असतेच असे नाही. अशा वेळी शासन कायद्याच्या बळावर जमीन घेते व मोबदला देते. यालाच भूसंपादन म्हणतात. यातील बिकट प्रश्न दोन: मोबदला किती द्यावयाचा आणि तो कोणाला द्यावयाचा? मुंबई नगरीच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांविषयी मोठी शिकवण आहे.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हवा व उजेड नसलेल्या चाळींतील दाटी हे साथीचे कारण मानले गेले. १८९८ साली खास कायदा होऊन मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. नागपाड्याची पुनर्रचना, प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आणि दादर-माटुंग्याची आखीव वसाहत ही या ट्रस्टची कामे होत. ट्रस्टने चाळीही बांधल्या. परळच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

त्या काळी मोबदल्याचा पाया होता १८९४ चा भूसंपादन कायदा. जमीन खुषीने विकणारा आणि खुषीने घेणारा यांच्यात जो भाव ठरला असता, तो बाजारभाव. मालकाची जमीन सोडण्याची अनिच्छा हिशेबात धरू नये, असे हा कायदा सांगे. परंतु घेणे सक्तीचे आहे म्हणून बाजारभावावर शेकडा १५ अधिक द्यावेत, असेही तोच कायदा सांगे. १९८४ साली ही दिलासा रक्कम शेकडा ३० झाली. मनाच्या दुःखाचे मोल करता येत नाही, आणि ते अगदी शून्यही धरता येत नाही, अशी ही कायद्याची कबुली होती.

बाजारभाव ठरविण्यासाठी शेजारच्या जागांची खरेदीखते पाहतात. इमारत भाड्याने दिलेली असेल, तर वार्षिक निव्वळ भाड्याला ठराविक पटीने गुणतात. निव्वळ भाडे १,००० रुपये आणि पट २० असेल, तर किंमत २०,००० रुपये येते. या सरळ गणितात एक अन्याय दडलेला आहे. ज्या मालकाने दहा बिऱ्हाडांच्या जागी वीस बिऱ्हाडे कोंबली, त्याचे भाडे वाढले आणि भाड्याबरोबर मोबदलाही वाढला. ज्या दाटीमुळे रोग पसरला, तीच दाटी मोबदल्याच्या वेळी मालकाच्या पदरात जमा झाली.

आणि त्या वीस बिऱ्हाडांचे काय? मोबदल्यात हितसंबंध असलेल्या कोणालाही हक्क सांगण्याची मुभा होती. परंतु महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याचा हक्क एका नोटिशीने संपत असे. त्याच्या वाट्याला येणार ते काय? चाळ पडली की तो जवळच्याच दुसऱ्या चाळीत शिरे, आणि तेथील गर्दी व भाडे दोन्ही वाढत. रस्ता रुंद झाला, दाटी मात्र एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली.

पुढे पारडे उलट फिरले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली. १९८६ साली म्हाडा कायद्यात नवे प्रकरण आले. मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त इमारतीतील शेकडा ७० रहिवाशांनी मागणी केल्यास, मासिक निव्वळ उत्पन्नाच्या १०० पट रक्कम देऊन ती इमारत पुनर्बांधणीसाठी संपादन करण्याची तरतूद त्यात होती. भाडेच नाममात्र असल्याने आता मालकाला अन्याय वाटू लागला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सर्व खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्णय नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०२४ साली बहुमताने दिला.

एकाच भाड्याच्या मापाने एके काळी भाडेकरू नागवला गेला आणि दुसऱ्या काळी मालक. याचा अर्थ, भाडे हे माप खोटे आहे असा नव्हे. ते फक्त इमारतीचे उत्पन्न मोजते; त्या इमारतीवर कोणाचे आयुष्य उभे आहे, हे मोजणे त्याच्या आवाक्यातले नाही.

ही उणीव ओळखण्यास कायद्याला शतकाहून अधिक काळ लागला. २०१३ साली संमत होऊन १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्याने दिलासा रक्कम शेकडा १०० केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बाधित कुटुंबाच्या व्याख्येत शेतमजूर, कूळ, कारागीर यांच्यासह शहरी जमिनीवर ३ वर्षे वा अधिक काळ राहणारे कुटुंबही आले. ज्याच्या नावाचे खरेदीखत नाही, त्याचेही काही जाते, हे कायद्याने मान्य केले.

म्हणून कोणत्याही नगररचनेच्या आराखड्यावर सही होण्यापूर्वी दोन याद्या तयार व्हाव्यात: एक जमिनीच्या मालकांची, दुसरी तेथे चूल पेटविणाऱ्यांची. पहिल्या यादीला मोबदला आणि दुसरीला छप्पर मिळाल्याखेरीज कुदळ उचलली जाऊ नये. प्लेगच्या मुंबईने ही शिकवण फार मोठी किंमत देऊन मिळविली आहे.